'शांत' या विशेषणाविरुद्ध

एका दिवाळी अंकाच्या संपादकांनी आमच्याकडे प्रवासलेख मागितला तेव्हा आपली अपेक्षा त्यांनी लपवून ठेवली नव्हती. फ्रान्सच्या डोंगराळ मुलखात, मोटारी नसलेल्या वाटांनी आम्ही दोघे पंधरा दिवस सायकलींवर हिंडून आलो आहोत, हे त्यांच्या कानावर गेले होते. "वाचकाला जरा निवांत वाटेल असं लिहा," एवढीच त्यांची सूचना होती. आम्ही लिहिले. नऊ पाने झाली. पाठवण्याच्या आदल्या रात्री आमच्यापैकी एकाने, उत्तरपत्रिका तपासण्याच्या सवयीने, तांबड्या पेन्सिलीने 'शांत' या शब्दाभोवती वर्तुळे काढायला सुरुवात केली. सतरा वर्तुळे झाली. शिवाय 'निःशब्द' चार वेळा, 'नीरव' तीनदा, आणि एके ठिकाणी तर 'निःशब्द शांतता', जणू सशब्द शांतता नावाची आणखी एखादी जात असते. विद्यार्थ्यांच्या निबंधांतली विशेषणे खोडण्यात ज्यांची वीस वर्षे गेली, त्यांच्याच हातून हे घडले होते.

प्रस्तुत लेख त्या सतरा वर्तुळांविषयी आहे. तो भांडणाच्या हेतूनेच लिहिला आहे, आणि या भांडणातले पहिले आरोपी आम्हीच आहोत हे सुरुवातीलाच कबूल करतो. पण आरोपी केवळ आम्हीच असतो तर ही बाब आमच्या घरातच मिटली असती. मराठीत युरोपातल्या खेड्यांविषयी जे लिहिले जाते, रविवारच्या पुरवण्यांतून, दिवाळी अंकांतून, सहलीहून परतलेल्यांच्या पुस्तकांतून, त्यातले खेडे नेहमी शांत असते. खिडकीत फुले असतात, चर्चची घंटा असते, दूरवर गायी असतात आणि माणूस नसतो. माणूस का नाही, हा प्रश्न लेखकाला पडत नाही, कारण माणूस नसणे हेच त्याला सौंदर्य वाटत असते. गर्दीतून आलेल्या माणसाला रिकामी जागा सुंदर वाटावी हे समजण्याजोगे आहे. मात्र समजण्याजोगी गोष्ट लिहिण्याजोगी असतेच असे नाही.

गोडसे भटजींची आठवण इथे अपरिहार्य आहे. १८५७ साली दक्षिणेच्या आशेने उत्तरेकडे निघालेला हा भिक्षुक बंडाच्या ऐन वणव्यात सापडला आणि झाशीची लूट व कत्तल त्याने डोळ्यांनी पाहिली. त्याच्या 'माझा प्रवास'मध्ये गल्ल्या ओस पडलेल्या आहेत, पण त्या कशा ओस पडल्या हे सांगितल्यावाचून त्याची लेखणी पुढे सरकत नाही. मराठी प्रवासवर्णनाच्या अगदी आरंभीच्या पुस्तकांपैकी एकाला जे साधले, ते पासपोर्ट, कॅमेरा आणि परतीचे तिकीट खिशात असलेल्या आम्हांला साधू नये, याचे कारण शोधावे असे वाटले.

तेव्हा प्रथम त्या वाटा म्हणजे काय, ते सांगतो.

ऱ्होन नदीच्या पश्चिमेला आर्देश नावाचा जिल्हा आहे. नदीकाठच्या ला व्हूल्त या गावापासून एरिय नदीच्या खोऱ्याने वर चढत ल शेलारपर्यंत आणि तिथून सँत-आग्रेव्हच्या पठारापर्यंत एक वाट जाते. 'दोल्चे व्हिया' हे तिचे नाव, आणि लामास्त्रकडे जाणारा फाटा धरून तिची लांबी सुमारे नव्वद किलोमीटर. फ्रेंचमध्ये अशा वाटेला 'व्हॉआ व्हेर्त', म्हणजे हिरवी वाट, म्हणतात. ही कविकल्पना नाही. २००४ पासून ती तिथल्या वाहतूक संहितेतली रीतसर व्याख्या आहे: इंजिन नसलेली वाहने, पादचारी आणि घोडेस्वार यांच्यासाठी राखून ठेवलेला रस्ता. दोल्चे व्हियावर बारीक खडी ठोकून बसवलेली आहे. डावीकडे कडा, उजवीकडे खाली नदी, मधूनच बोगदा, मधूनच दगडी कमानींचा पूल. ल शेलारपासून सँत-आग्रेव्हपर्यंत सुमारे सहाशे मीटरची चढण आहे, पण ती तीसेक किलोमीटरांवर अशी पसरलेली आहे की पंचेचाळिशीतले, घाटात धाप लागणारे दोन मराठीचे अध्यापक कॅरिअरला पिशव्या लटकावून, न उतरता वर पोहोचतात. आजूबाजूचे डोंगर अंगावर येतात आणि वाट मात्र जेमतेम चढते. पहिल्या दिवशी आम्हांला ही फ्रेंच अभियंत्यांची सायकलस्वारांवरची माया वाटली. (मूळ मसुद्यात तसे वाक्यही आहे. त्याभोवतीही आता वर्तुळ आहे.)

ती माया आमच्यावर नव्हती. ती वाफेच्या इंजिनावर होती. डोंगरात चढ कमी ठेवावा लागतो तो आगगाडीसाठी, आणि दोल्चे व्हिया हा आगगाडीचाच मार्ग आहे. रूळ तेवढे उखडलेले आहेत. १८७९ साली सार्वजनिक बांधकाममंत्री शार्ल द फ्रेसिने यांच्या नावाने ओळखला जाणारा कायदा झाला. फ्रान्समधले आडवळणाचे तालुकेही रेल्वेने जोडायचे, त्यासाठी सुमारे नऊ हजार किलोमीटरचे नवे मार्ग टाकायचे, असा तो संकल्प होता. प्रजासत्ताक शेतकऱ्याच्या दारापर्यंत पोहोचले पाहिजे, असे म्हणणारी ती पिढी होती. त्या लाटेत या डोंगरांत मीटर मापाचे रूळ आले. काम १८९० च्या दशकाच्या आरंभापासून टप्प्याटप्प्याने १९०३ पर्यंत चालले. दऱ्या ओलांडल्या, कडे फोडले. आणि ऑक्टोबर १९६८ च्या अखेरीस हे जाळे बंद झाले. दक्षिणेकडे सेव्हेनच्या डोंगरांत फ्लोराक ते सँत-सेसिल-दांदोर्ज ही तशीच लहान गाडी १९०९ मध्ये सुरू झाली आणि तीही १९६८ मध्येच थांबली. तिच्याही जागेवर आता हिरवी वाट आहे.

म्हणजे आम्ही ज्या रस्त्याला 'वाहनमुक्त' म्हणत होतो, तो वाहनासाठीच बांधलेला होता. ते वाहन गेले म्हणून आम्ही तिथे होतो.

गाडी का गेली, याचे सोपे उत्तर 'मोटारी आल्या' असे आहे आणि ते खोटे नाही. पण ते अपुरे आहे. गाडीत बसायला माणसे उरली नव्हती, हा उत्तराचा दुसरा भाग. १८६१ साली आर्देशची लोकसंख्या सुमारे ३,८८,००० होती, १९६२ मध्ये ती सुमारे २,४८,००० वर आली. शेजारच्या लोझेर जिल्ह्यात १८५१ साली सुमारे १,४४,००० माणसे राहत, आज जेमतेम ७७,००० राहतात. युरोपातल्या फ्रान्समधला हा सर्वांत विरळ वस्तीचा जिल्हा. आकडेवारी देऊन वाद जिंकण्याचा हा प्रयत्न नव्हे. हे आकडे त्या खोऱ्यात डोळ्यांनी दिसतात. सायकलवरून मान वर केली की जंगलात आडव्या रेघा दिसतात. त्या पायऱ्यापायऱ्यांच्या शेतांच्या दगडी ताली आहेत. एकेक दगड माणसाने वाहून आणून रचलेला. त्यांतून आता ओक आणि पाइन वाढले आहेत. पहिल्या मसुद्यात आम्ही त्याला 'घनदाट, आदिम अरण्य' म्हटले होते. आदिम! ज्या अरण्याचे वय आमच्या आजोबांच्या वयापेक्षा कदाचित कमी असेल, त्याला.

इथली माणसे चेस्टनटवर जगत, आणि रेशमावर. तुतीची झाडे, घरातच पोसलेले किडे, नदीच्या पाण्यावर चालणाऱ्या, रेशमाला पीळ देणाऱ्या गिरण्या. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यात किड्यांवर पेब्रीन नावाचा रोग आला आणि हा व्यवसाय कोसळू लागला. १८६५ ते १८६९ या काळात लुई पाश्चर सेव्हेनच्या पायथ्याशी आलेस येथे राहून त्या रोगाचा अभ्यास करीत होते. निरोगी अंडी निवडून काढण्याची रीत त्यांनी बसवलीही, पण तोवर पूर्वेकडचे स्वस्त रेशीम बाजारात उतरले होते. मागोमाग चेस्टनटच्या झाडांना मुळे कुजवणारा रोग लागला. अशा मुलखात रेल्वे आली. प्रजासत्ताकाला शेतकऱ्याच्या दारापर्यंत आणण्यासाठी बांधलेली ती गाडी शेतकऱ्याच्या मुलांना दारातून उचलून सँत-एतिएनच्या खाणींकडे आणि कारखान्यांकडे घेऊन गेली. मग १९१४ आले. तिथल्या जवळजवळ प्रत्येक गावात महायुद्धातल्या मृतांचे स्मारक आहे. आम्ही ज्या चौकांत पाण्याच्या बाटल्या भरायला थांबत होतो, तिथे ती समोरच असत. दहाबारा घरांच्या वस्तीत वीसपंचवीस नावे, त्यांत एकच आडनाव लागोपाठ तीनदा. त्या चौकांना आमच्या मसुद्यात 'शांत, सावलीदार' म्हटले आहे.

इथपर्यंत वाचून कुणी म्हणेल, आणि आमच्या एका सहकाऱ्याने खरोखरच म्हटले, की सहलीला गेलेल्या माणसाने सावलीत बसून पाणी प्यायचे की लोकसंख्येचा तक्ता पाहायचा? आनंदाला एवढा अपराधी करण्याची गरज काय? प्रश्न रास्त आहे. आम्ही पाणी प्यायलो, सावलीही आवडली, आणि त्या पंधरा दिवसांइतके निर्भेळ सुख आम्हांला क्वचितच मिळाले असेल. मागून ट्रक येत नाही ही जाणीव पाठीच्या कण्याला कळायला दोन दिवस लागतात. तिसऱ्या दिवशी खांदे खाली येतात. तो अनुभव आम्ही परत करायला तयार नाही. आमचा आक्षेप अनुभवावर नसून शब्दावर आहे. अध्यापकाला एवढा अधिकार असावा.

शिवाय इतिहासाची जोड दिली की प्रवासवर्णन सुधारते, असेही आमचे म्हणणे नाही. मजकुरात सनावळ्या पेरून 'शांत' तसेच ठेवले तर ती माहितीपुस्तिका होते. प्रश्न विशेषणातल्या आळसाचा आहे. मराठीला आवाज नसण्याचे किती प्रकार ठाऊक आहेत पाहा. दुपारच्या ठेशनावर असतो तो शुकशुकाट, त्यात गर्दीची अपेक्षा गृहीत आहे. रात्री गाव झोपले की सामसूम होते, ती सकाळी मोडणार असते. निर्जन जागेत माणूस मुळातच नसतो, ओस जागेत तो होता आणि गेला. चिडीचूप होतात ती भेदरलेली मुले. मौन धरले जाते, त्याला इच्छा लागते. आणि एखादे घर सुने होते, तेव्हा कुणाच्या तरी जाण्याचे नाव घरातल्या प्रत्येकाला माहीत असते. एवढा ऐवज पदरी असताना आम्ही सतरा वेळा 'शांत' लिहिले. 'शांत' हा शब्द यांच्यातला सर्वांत सोयीचा आहे, कारण त्याला भूतकाळ नाही. तो पाहणाऱ्याच्या मनाची अवस्था सांगतो आणि ती जागेवर चिकटवून मोकळा होतो.

या बाबतीत स्टीव्हन्सनचे नाव घेऊन पळवाट काढली जाते, म्हणून त्याच्याविषयी थोडे सविस्तर लिहितो. रॉबर्ट लुई स्टीव्हन्सन १८७८ च्या शरदात ल मोनास्तिए या गावाहून मोदेस्तीन नावाची गाढवीण घेऊन निघाला आणि बारा दिवसांनी सेव्हेनमधल्या सँ-जाँ-द्यु-गारला पोहोचला. पुढच्या वर्षी, म्हणजे १८७९ मध्ये, त्याचे 'सेव्हेनमधली गाढवासोबतची भटकंती' हे पुस्तक आले. आज त्या वाटेला त्याचे नाव आहे, खुणा आहेत, गाढवही भाड्याने मिळते. एकांताचा आद्य पुजारी म्हणून त्याचा हवाला द्यायची रीत आहे. पण पुस्तक उघडावे. आलिए नदीच्या काठाने जाणारा लोहमार्ग त्याला दिसतो आणि तो आवर्जून नोंदवतो की या मुलखातला हा एवढाच रूळ. आणखी मार्गांची मोजणी चालली आहे, माँद गावी तर गाडीच्या आधीच स्थानक बांधून तयार आहे असे म्हणतात, आणि वर्षा-दोन वर्षांत हे सारे जग निराळे झालेले असेल. ज्या वर्षी हे छापले गेले त्याच वर्षी फ्रेसिनेचा कायदा झाला, हा निव्वळ योगायोग आहे. मात्र लेखकाचे कान कुठे लागले होते ते त्यावरून कळते. देवदारांखाली उघड्यावर झोपण्याच्या आनंदाबद्दल लिहिणारा हाच माणूस पुढे कामिझारांच्या डोंगरात शिरतो आणि १७०२ ते १७०४ च्या प्रोटेस्टंट बंडाची हकिगत इतकी भरभरून सांगतो की काही वाचकांना ती पाने कंटाळवाणी वाटतात. संक्षिप्त आवृत्त्यांत कात्री चालते ती अशाच पानांवर. उरते ते गाढव, आणि उरते ती शांतता. दोष स्टीव्हन्सनचा नव्हे, त्याला असे कापून वाचणाऱ्यांचा.

सायकलीचेही तसेच. सँत-एतिएनचे पॉल द व्हिव्ही, 'व्हेलोसियो' या टोपणनावाने प्रसिद्ध, हे फ्रान्समधल्या सायकल-भटकंतीचे जनक मानले जातात. १८८७ साली त्यांनी सायकलीला वाहिलेले नियतकालिक काढले आणि ते हयातभर चालवले. डोंगर चढायला एकाहून अधिक गिअर हवेत, ही गोष्ट रेसवाल्यांच्या टिंगलीला न जुमानता ते सांगत राहिले. तूर द फ्रान्सने गिअर बदलण्याच्या यंत्राला परवानगी दिली ती १९३७ मध्ये, त्यांच्या मृत्यूनंतर सात वर्षांनी. हे गृहस्थ सायकलीच्या धंद्यात येण्यापूर्वी कशाचा व्यापार करीत होते? रेशमाचा. ज्या व्यवसायाच्या ऱ्हासाने हे डोंगर रिते होत गेले, त्याच व्यवसायातून बाहेर पडलेला माणूस त्या डोंगरांत सायकलीने फिरायला शिकवतो. आणि १९३० साली सँत-एतिएनमध्येच, हातात सायकल धरून पायी चालताना, ट्रामच्या धक्क्याने त्यांचा अंत झाला. असे काही कादंबरीत घातले असते तर समीक्षकांनी 'योजलेले वाटते' म्हणून झोडले असते. असो.

व्हेलोसियोंच्या काळी हे रस्ते मुळीच सुने नव्हते. बैलगाड्या, घोडागाड्या, बाजाराची माणसे, कोंबड्या. आज रेल्वेच्या जागेवरच्या वाटा सोडून साध्या डांबरी रस्त्यांनी गेले तरी मोटार क्वचित भेटते. याला फ्रेंच माणसाची अभिजात निसर्गदृष्टी कारणीभूत आहे असे म्हणणारे लेख आम्ही वाचले आहेत. हिशेब त्याहून साधा आहे. त्या देशात सुमारे अकरा लाख किलोमीटर रस्ते आहेत आणि त्यांतले निम्म्याहून अधिक गावपातळीवरचे. प्रत्येक वाडीपर्यंत रस्ता बांधला गेला तेव्हा प्रत्येक वाडीत माणसे होती. रस्ता उरला आणि माणसे गेली. मिशेलिनच्या नकाशावर हे रस्ते पांढरे दाखवलेले असतात, चढ असेल तर त्यांवर बाण असतात (एक बाण पाच ते नऊ टक्के चढाचा, तीन बाण दिसले की मुकाट्याने उतरावे), आणि जिथे देखावा सुंदर आहे तिथे कडेने हिरवी रेघ असते. कुठे सुंदर वाटून घ्यायचे हे नकाशानेच ठरवून दिलेले असते. आमच्या लेखातले सात 'शांत' हिरव्या रेघेवर पडलेले आहेत, हे आम्ही नंतर नकाशा पुढ्यात ठेवून पाहिले.

आता ज्या जागेमुळे हा लेख लिहावाच लागला, तिथे येतो.

सँत-आग्रेव्हला हिरवी वाट संपते, पण जुना रूळमार्ग तिथे संपत नव्हता. तो पुढे पठारावरून ल शांबाँ-स्युर-लिन्याँ या गावाला जाई. त्या टप्प्यावर रूळ अजून आहेत आणि सुट्टीच्या दिवसांत हौशी लोक पर्यटकांसाठी गाडी चालवतात. आम्ही शेजारच्या रस्त्याने सायकलींवर गेलो. पठार, पाइनची बने, करड्या दगडांची घरे, वारा. लेखात आम्ही लिहिले: 'इथली शांतता प्राचीन आहे.' गावात एक लहान स्थानक आहे. दुसऱ्या महायुद्धात याच स्थानकावर, याच लहान गाडीने, ज्यू मुले उतरत. आंद्रे त्रोक्मे आणि एदुआर तैस हे तिथले धर्मोपदेशक. भोवतालची शेते, वसतिगृहे, शाळा यांनी मिळून शेकडो जीव लपवले. आपल्या पूर्वजांचा धर्म १६८५ नंतर बेकायदा ठरला होता, तेव्हा तेही असेच लपले होते, याची स्मृती त्या प्रोटेस्टंट शेतकऱ्यांच्या घरात जिवंत होती. ऑगस्ट १९४२ मध्ये पोलीस बसगाड्या घेऊन आले, घरे धुंडाळली आणि जवळजवळ रिकाम्या हाताने परतले. कुणी काही बोलले नाही. दर वेळी असे झाले नाही. जून १९४३ मध्ये एका विद्यार्थिगृहावर छापा पडला, मुलांबरोबर त्यांचा व्यवस्थापक दानिएल त्रोक्मे हाही नेला गेला आणि तो छळछावणीत मेला. १९९० साली इस्रायलच्या याद वाशेम संस्थेने या गावाचा आणि परिसराचा एकत्रित गौरव केला.

आल्बेर काम्यूही १९४२-४३ मध्ये या गावाजवळच राहत होता, क्षयाने पोखरलेली फुप्फुसे घेऊन, नोव्हेंबर १९४२ नंतर अल्जीरियाचा मार्ग तुटल्यामुळे घरापासून तोडला गेलेला. 'प्लेग'चा मोठा भाग त्याने इथे लिहिला. ती कादंबरी आम्ही तुलनात्मक साहित्याच्या तासाला शिकवतो. बंद पडलेल्या शहरातली ताटातूट मुलांना समजावून सांगतो. आणि ती जिथे लिहिली गेली त्या पठारावर उभे राहून आम्हांला सुचले काय, तर 'प्राचीन शांतता'. तिथे जे होते ते मौन होते. माणसांनी जाणूनबुजून, जिवावर उदार होऊन, एकेका घरात पाळलेले मौन. 'शांत' आणि 'मौन' यांतला फरक न कळणे ही भाषेची चूक नव्हे, दुसऱ्याने चुकवलेली किंमत न दिसण्याची चूक आहे, आणि ती मराठीच्या अध्यापकांनी करावी याची आम्हांला लाज वाटली.

याच्या उलटही एक ढोंग असते, त्याबद्दलही बोलले पाहिजे. उजाड खेड्यावर गळे काढणारे लेखन आपल्याकडे कमी नाही, आणि सारे काही संपले असे लिहिणे हेही 'शांत' लिहिण्याइतकेच आळशी आहे. आर्देश संपलेले नाही. ज्या १९६८ मध्ये गाडी थांबली त्याच वर्षीच्या वसंतात पॅरिसमध्ये विद्यार्थ्यांचा उद्रेक झाला, आणि त्यानंतर शहर सोडून पडकी घरे दुरुस्त करीत, शेळ्या पाळीत इथे येऊन राहणाऱ्या तरुणांची एक लाटच आली. काही वर्षा-दोन वर्षांत परतले, काही टिकले. आज जिल्ह्याची लोकसंख्या ३,३०,००० च्या आसपास आहे. हिरवी वाटही आपोआप उगवलेली नाही. जमीन राखावी लागली, पूल दुरुस्त करावे लागले, खडी घालावी लागली, आणि कडेचे गवत कुणीतरी दरवर्षी कापते. बर्गंडीत, जिव्ही ते क्ल्युनी, १९९७ मध्ये जी हिरवी वाट झाली (फ्रान्समधली ती पहिली मानतात), तिच्या पुढच्या टप्प्यात ब्वा-क्लेर नावाचा सोळाशे मीटरचा बोगदा आहे. तो हिवाळ्यात बंद ठेवतात, वटवाघळांची झोपमोड होऊ नये म्हणून. म्हणजे जिथे खरोखर कुणाला तरी शांतता हवी आहे तिथे ती नियम करून, कुलूप लावून राखावी लागते.

ल शेलारच्या अलीकडे, एका जुन्या स्थानकाच्या इमारतीत आता एक कुटुंब राहते. भिंतीवर गावाचे नाव अजून वाचता येते. फलाटावर खुर्ची टाकून एक आजोबा शेंगा सोलत बसले होते. आमच्यापैकी एकाचे फ्रेंच वर्गात शिकलेले, त्यामुळे संभाषण सावकाश झाले. आम्ही सौजन्याने म्हणालो की इथे किती शांत आहे. ते हसले नाहीत. गाडी होती तेव्हा दिवसातून मोजक्या वेळा जायची, म्हणाले, आता उन्हाळ्यात सकाळपासून माणसे जातात. आणि सायकली मागून आवाज न करता येतात. गाडी निदान शिटी द्यायची. त्यांच्या बायकोला एकदा धक्का लागला होता, तेव्हापासून ती भाजीच्या वाफ्याकडे मागल्या दाराने जाते. आम्ही ओशाळून आपापल्या घंट्या वाजवून दाखवल्या. मग हिवाळ्यात कसे असते, असे विचारले. त्यावर त्यांनी दोनच शब्द उच्चारले: 'त्रो काल्म'.

हा प्रसंग पहिल्या मसुद्यात होता, आणि त्या दोन शब्दांचे भाषांतर आम्ही 'फारच शांत' असे केले होते. कोशाप्रमाणे ते बरोबर आहे. वर्तुळे काढून झाल्यावर लेख पुन्हा लिहायला घेतला. सतरापैकी चौदा 'शांत' गेले, स्थानकांवर शुकशुकाट आला, ताली ओस झाल्या, पठारावर मौन आले. आजोबांच्या त्या दोन शब्दांशी मात्र बराच वेळ अडलो. आमच्या एम.ए.च्या वर्गातल्या एका विद्यार्थिनीला प्रसंग सांगितला. ती शब्द शोधायला थांबलीसुद्धा नाही. "सर, त्यांचं म्हणणं 'सुनं सुनं' असं असेल," ती म्हणाली. 'त्रो'मधला अतिरेक द्विरुक्तीने येतो आणि 'काल्म'मधला कुणी नसल्याचा सल 'सुनं'मध्ये आधीच आहे. आम्ही तो शब्द घेतला आणि लेख पाठवला.

मुद्रिते आली ती दसऱ्याच्या सुमारास. स्मारकावरच्या नावांचा परिच्छेद जागेअभावी वगळला होता. शांबाँचा मजकूर 'विषयांतर' म्हणून निम्मा केला होता. 'सुनं सुनं'वर तिरपी रेघ मारून समासात कुणीतरी सुवाच्य अक्षरात 'प्रमाणभाषा?' असे लिहिले होते आणि पुढे दुरुस्ती केली होती: 'फार शांत'. आम्ही फोन केला. तोवर तो फॉर्म छापायला गेला होता.